शंभर म्हणजे कोणते शंभर? प्राणिसंख्येची रचना आणि तिचं स्थैर्य



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर जरा जड छापलं गेलंय: ‘अवस्थांनी विभागलेल्या प्राणिसंख्येच्या स्थैर्याचं गणित’. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गणित नव्हे. पण तत्त्वज्ञानातले जुने प्रश्न, म्हणजे एक आणि अनेक यांचं नातं काय, बदलत असूनही टिकणं म्हणजे काय, ते या गणितात फार स्वच्छ रूपात भेटतात. आणि परभणीत बसून हा विषय बोलायला दुसरंही कारण आहे. आपल्या शिवारात कापूस आहे, कापसावर गुलाबी बोंडअळी आहे. आपल्या दावणीला लाल कंधारी गाय आहे, जी नांदेड, लातूर आणि परभणीच्या पट्ट्यातलीच. एक प्राणी आपल्याला नकोय, दुसरा हवाय. दोघांच्या हिशेबाची रीत मात्र एकच आहे.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. प्राणी ‘किती’ आहेत एवढंच मोजून त्यांचं पुढं काय होणार ते कळत नाही. कोणत्या अवस्थेत किती आहेत, हे मोजलं तर कळतं. आणि त्यांना वाढवायचं किंवा रोखायचं असेल तर हात कुठं घालायचा, तेही तिथंच कळतं.

स्थैर्य म्हणजे काय?

‘स्थिर’ म्हटलं की आपल्याला न हलणारी वस्तू डोळ्यांपुढं येते. गणितात अर्थ वेगळा आहे. कढईत एक लिंबू ठेवा. ते तळाशी स्वस्थ असतं. बोटानं जरा ढकललं तर वर चढतं, खाली येतं, पुन्हा तळाशी थांबतं. आता कढई पालथी घाला आणि तिच्या माथ्यावर लिंबू नीट तोलून ठेवा. तेही स्वस्थच आहे. पण जरा धक्का लागला की घरंगळलं. दोन्ही ठिकाणी समतोल आहे, स्थैर्य फक्त पहिल्या ठिकाणी. म्हणजे स्थैर्याचा प्रश्न ‘आत्ता कसं आहे’ हा नसून ‘धक्का बसल्यावर काय होईल’ हा आहे.

प्राण्यांच्या बाबतीत शून्य हीसुद्धा समतोलाची अवस्था आहे. एकही अळी नाही, तर उद्याही नाही. पण बाहेरून चार पतंग उडत आले, हा झाला धक्का, तर काय होईल? ते चार आपोआप संपले तर शून्य स्थिर. चाराचे बारा आणि बाराचे छत्तीस झाले तर शून्य अस्थिर. शेतकऱ्याला बोंडअळीचं शून्य स्थिर हवं असतं, आणि गोपालकाला गाईचं शून्य अस्थिर.

सगळे प्राणी सारखे असते तर हिशेब सोपा होता. दर पिढीला संख्या कितीपट होते तो एक गुणक काढायचा. तो एकाहून कमी असेल तर संख्या संपत जाते, जास्त असेल तर वाढते. अडचण अशी की प्राणी सारखे नसतात. अंडं अंडं घालत नाही. वासरू दूध देत नाही.

गोठ्यातला हिशेब

एक छोटं उदाहरण हातानं सोडवू. कागद-पेन असेल तर काढा. फक्त माद्या मोजू, आणि दोनच खाने करू: कालवडी आणि गाई. समजा, दर वर्षी १०० गाईंमागं ४० नव्या कालवडी मिळतात. १०० कालवडींपैकी ५० पुढच्या वर्षी गाईंच्या खान्यात जातात, बाकीच्या मरतात किंवा विकल्या जातात. १०० गाईंपैकी ८० पुढच्या वर्षीही टिकतात. हे आकडे आम्ही सोयीसाठी घेतलेत. खऱ्या कालवडीला गाभण राहायला काही वर्षं लागतात, तेव्हा खाने वाढवावे लागतील. पण रीत हीच.

पहिल्या गावात आज १०० गाई आहेत, कालवड एकही नाही. एका वर्षानं ४० कालवडी, ८० गाई. दुसऱ्या वर्षी ३२ कालवडी, ८४ गाई. तिसऱ्या वर्षी साधारण ३४ आणि ८३. पुढं आकडे ३३ आणि ८३ च्या आसपास थांबतात.

दुसऱ्या गावातही आज १०० जनावरं आहेत, पण सगळ्या कालवडी. एका वर्षानं कालवडी शून्य, गाई ५०. मग २० आणि ४०. मग १६ आणि ४२. आणि पुढं १७ आणि ४२ च्या आसपास थांबतात.

आता दोन्ही गावं शेजारी ठेवून बघा. पशुगणनेला आलेल्या माणसानं पहिल्या दिवशी दोन्हीकडे ‘१००’ असंच लिहिलं असतं. पण एक गाव ११६-११७ वर स्थिरावलं, दुसरं ५८-५९ वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर. भविष्याच्या हिशेबात इथं एक कालवड अर्ध्या गाईएवढी भरते. या कल्पनेला ‘प्रजननमूल्य’ म्हणतात आणि ती रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये मांडली.

दुसरी गोष्ट. सुरुवात इतकी वेगळी असूनही शेवटी दोन्ही गावांत कालवडी आणि गाई यांचं प्रमाण एकच झालं: दोनास पाच. कळप आपली सुरुवात विसरतो. एकूण आकड्यात तिची खूण उरते, पण प्रमाणात उरत नाही. याला ‘स्थिर रचना’ म्हणतात. ती जमली की सगळा कळप मिळून एकाच गुणकानं चालतो. आपल्या उदाहरणात तो गुणक बरोबर १ आहे, म्हणजे ना वाढ ना घट. कळप अगदी काठावर उभा आहे.

तर या काठावरच्या कळपाला धक्का देऊन बघू. कालवडींची पुढं जाण्याची संख्या शंभरात ५० ऐवजी ४५ केली, तर गुणक सुमारे ०.९८३ होतो. कळप निम्मा व्हायला चाळीस वर्षं लागतील. आता तसं न करता गाईंचं टिकणं शंभरात ८० ऐवजी ७५ करा. घट तेवढीच, शंभरात पाचच. पण गुणक ०.९५९ च्या आसपास येतो, आणि कळप सोळा-सतरा वर्षांत निम्मा होतो.

मंडळी, हा फरक कागदावरचा नाही. दुष्काळात काय होतं ते मराठवाड्याला सांगायला नको. चारा संपला की दावणीची मोठी गाय बाजारात जाते, कारण खाते ती जास्त आणि पैसे येतात तेही तिचेच. म्हणजे नेमका तोच खाना रिकामा होतो, ज्यावर कळपाचं स्थैर्य सगळ्यात जास्त टेकलेलं असतं. चारा छावणीकडे आपण माणुसकीचं काम म्हणून बघतो. ते आहेच. पण देशी जात टिकवायचं ते सगळ्यात नेमकं कामही आहे.

हीच गोष्ट समुद्रात फार गाजली. कासवं वाचवायची म्हणजे किनाऱ्यावरची अंडी वाचवायची, अशी समजूत होती. आपल्या कोकणातही वेळासच्या किनाऱ्यावर लोक निष्ठेनं घरटी राखतात, आणि ते चांगलंच आहे. पण १९८७ मध्ये डेबोरा क्राऊझ, लॅरी क्राउडर आणि हाल कॅसवेल या अमेरिकन अभ्यासकांनी लॉगरहेड जातीच्या कासवांचा असाच तक्ता मांडला. त्यांना दिसलं, की सगळी अंडी वाचवली तरी तेवढ्यानं घट थांबत नाही. मोठी होत आलेली कासवं मासेमारीच्या जाळ्यांत मरतात, ती वाचली पाहिजेत. जाळ्यात कासवाला सुटायला वाट ठेवण्याच्या आग्रहाला या तक्त्यानं मोठं बळ दिलं.

हा तक्ता कुणाचा?

वयानुसार संख्येचा विचार ऑयलरनं १७६० मध्येच केला होता. पण खान्याखान्यांचा चौकोनी तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, प्राणिसंख्येसाठी रूढ झाला तो ऑक्सफर्डच्या पॅट्रिक लेस्ली यांच्या १९४५ च्या लेखामुळं. त्यांनी वयाचे खाने केले. किड्यांच्या बाबतीत वयापेक्षा अवस्था महत्त्वाची, म्हणून १९६५ मध्ये लेफकोविच यांनी अवस्थांचे खाने केले. आपल्याला उपयोगी तो हा दुसरा तक्ता.

एक धागा भारतातूनही जातो. अँडरसन मॅकेंड्रिक हे लष्करी डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेत होते. वय क्षणाक्षणानं वाहतं असं धरणारं समीकरण त्यांनी १९२६ मध्ये मांडलं, ते आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि केरमॅक यांनी साथरोगांचा प्रसिद्ध सिद्धांत मांडला. तो पडताळायला त्यांनी १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आठवड्यांचे आकडे वापरले. मुंबईच्या दुःखाचा आलेख आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

गर्दी, उशीर आणि हेलकावे

आतापर्यंत आपण गुणक कायम धरला. प्रत्यक्षात गर्दी झाली की खाणं कमी पडतं आणि गुणक उतरतो. त्यामुळं शून्याखेरीज आणखी एक समतोल तयार होतो: जमिनीला पेलवेल एवढी संख्या. तो समतोल कढईतल्या लिंबासारखा की पालथ्या कढईवरचा?

इथं गणिताची युक्ती साधी आहे. समतोलापासून संख्या थोडी हलवायची आणि तो फरक दर पावलाला कितीपट होतो ते बघायचं. फरक पावलागणिक लहान होत असेल तर समतोल स्थिर. तक्त्यात जितके खाने, तितके असे आकडे निघतात. त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. ऋण-धन चिन्ह सोडून त्यातला सगळ्यात मोठा एकाहून लहान असला तर स्थैर्य, नाहीतर नाही.

मघाच्या पहिल्या गावात हे दिसलंच होतं. कालवडी ४०, मग ३२, मग ३३.६. म्हणजे ३३.३ च्या आधी वर, मग खाली, मग किंचित वर, आणि फरक दर वर्षी पाचपट लहान. तिथला एक आकडा १, तो कळपाच्या चालीचा. दुसरा उणे ०.२, तो हेलकाव्याचा. हेलकावा पटकन विरला, कारण आकडा लहान होता. तोच उणे १.२ असता तर दर वर्षी झोका मोठा होत गेला असता.

झोका मोठा का होतो? बहुतेक वेळा उशिरामुळं. ऑस्ट्रेलियातल्या निकोल्सन यांनी १९५० च्या दशकात पिंजऱ्यांत माश्या पाळल्या. प्रौढ माश्यांना खाणं रोज ठरावीकच दिलं. बाहेरचं काही बदलत नव्हतं, तरी माश्यांची संख्या पाच-सहा आठवड्यांच्या अंतरानं प्रचंड वाढायची आणि कोसळायची. कारण असं, की आज गर्दी झाली म्हणून अंडी कमी घातली गेली, तर त्याचा परिणाम त्या अंड्यांच्या माश्या होतील तेव्हा दिसणार. तोवर गर्दी चालूच. चुलीवरच्या दुधासारखं आहे. उतू जायला लागल्यावर जाळ ओढला तरी निखारे आपलं काम करतातच.

आणखी पुढची गोष्ट आपल्या पिठाच्या डब्यातली. पिठात होतो तो तांबडा भुंगेरा. तो स्वतःची अंडी आणि कोष खातो. अमेरिकेत कॉस्टँटिनो, कशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अळी, कोष, प्रौढ असे तीन खाने करून याचा तक्ता मांडला. प्रौढ किड्यांचं मरण आणि नव्यांची भर यांचं प्रमाण प्रयोगशाळेत हातानं बदलत नेलं. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं, की गणितात सांगितल्याप्रमाणे संख्या कधी स्थिर राहते, कधी आवर्तनात फिरते, तर कधी कुठलाच नेम न धरता बेबंद हलते. किडा तोच, पीठ तेच. बदललं ते एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जाण्याचं प्रमाण.

बोंडअळीकडे

आता आपल्या शिवारात येऊ. गुलाबी बोंडअळीचे चार खाने: अंडं, अळी, कोष, पतंग. पतंग पात्यांवर, फुलांवर, बोंडांवर अंडी घालतो. काही दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच बोंडात शिरते. शिरलेलं भोक बुजून जातं. आत ती सरकी खात दोनेक आठवडे असते. मग कोष, मग पतंग. उबदार हवेत सगळा फेरा साधारण महिन्याभराचा. हंगामाच्या शेवटी काही अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात: सरकीत, वाळलेल्या बोंडात, पऱ्हाट्यांत. कित्येक महिने त्या तशाच राहू शकतात.

कामगंध सापळ्यात सापडतो तो फक्त नर पतंग. म्हणजे चार खान्यांतल्या एकाच खान्याचा अर्धा भाग. हेक्टरी पाच सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर उपाय करा, ही शिफारस म्हणूनच लवकरची सूचना म्हणून वाचायची असते. कारण पिकाचं नुकसान करणारा खाना बोंडाच्या आत आहे. तो दिसत नाही आणि फवाऱ्याच्या आवाक्यातही नाही. अळी बोंडात गेल्यावर केलेली फवारणी पैसा घालवते, मित्रकीटक मारते आणि फवारणाऱ्याच्या जिवाला धोका करते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. त्याच हंगामात बोंडअळीनं राज्यभर कपाशीची मोठी हानी केली.

पुन्हा सोयीचे आकडे घेऊ. एक मादी १०० अंडी घालते. त्यातून २० अळ्या पूर्ण वाढतात. त्यांतले सहा पतंग होतात. निम्मे नर, म्हणजे तीन माद्या. एकीच्या तीन. पिढीचा गुणक ३.

समजा एकच जालीम उपाय केला आणि कुठल्यातरी एका अवस्थेतले शंभरातले ६० मारले. गुणक झाला १.२. चार पिढ्यांत संख्या तरीही दुप्पट. आता त्याऐवजी दोन बेताचे उपाय दोन वेगळ्या अवस्थांवर करा, प्रत्येकी निम्मेच मारणारे. अंड्यांवर ट्रायकोग्रामा किंवा निंबोळी अर्क, आणि डोमकळ्या वेचून आतल्या अळ्यांचा नाश. तिनाचे दीड, दिडाचे पाऊण. गुणक ०.७५, आणि चार पिढ्यांत संख्या एक तृतीयांशाच्याही खाली. सगळ्या अळ्या मारायची गरजच नाही. गुणक एकाच्या खाली आणायची गरज आहे. ‘समूळ नायनाट’ ही भाषा औषधाच्या बाटलीची आहे, गणिताची नाही.

आणि आता फरदड. समजा हंगामात काहीच उपाय केले नाहीत. चार पिढ्यांत तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ८१ पट. वर्षाच्या हिशेबात शून्य स्थिर राहायचं असेल तर हंगाम संपल्यापासून पुढच्या पात्या लागेपर्यंत ८१ मध्ये एकाहून कमी अळी तगली पाहिजे. निसर्ग यात मदत करतो. पहिल्या पावसात सुप्त अळ्यांचे पतंग बाहेर पडतात, आणि तेव्हा कपाशीला पात्याच नसतील तर ते अंडी न घालता मरतात. शास्त्रज्ञ याला ‘आत्मघाती पिढी’ म्हणतात.

पण डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी उभी ठेवली, की एक पिढी वाढते. ८१ चे २४३ होतात. म्हणजे उन्हाळ्यात तिपटीनं जास्त अळ्या मराव्या लागतील, तर उलट पऱ्हाट्या आणि उरलेली बोंडं शेतातच असल्यानं जास्त अळ्या जगतात. आणि कुणी मे महिन्यात पेरली, तर लवकर निघालेल्या पतंगांना पात्या आयत्या मिळतात. ‘जूनआधी पेरू नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका’ हे सांगणं म्हणजे याच तक्त्याचं मराठी भाषांतर आहे. पहिल्या आणि तिसऱ्या सूचनेनं उन्हाळ्यात तगणाऱ्या अळ्या कमी होतात, मधल्या सूचनेनं तिनांची संख्या कमी होते.

फरदड घेणारा शेतकरी अडाणी नसतो. पेरणीचा खर्च झालेला आहे, चार पैसे आणखी येतील, घरात गरज आहे. त्याचा हिशेब त्याच्या शेतापुरता बरोबर आहे. पण वाढलेली पिढी त्याच्या बांधावर थांबत नाही. फायदा एकाचा, गुणक गावाचा. म्हणून हा उपाय एकट्यानं होत नाही. सगळ्या शिवारानं एकाच वेळी करावा लागतो, त्यात जिनिंगमध्ये पडलेली सरकी आणि कचराही आला.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. तक्त्यातले आकडे कायमचे नसतात. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी पिढी आली, तेव्हा ‘अळीचं जगणं’ हा आकडा जवळजवळ शून्यावर आला होता. पण ज्या थोड्या अळ्या जगल्या त्यांचीच संतती पुढं वाढली, आणि तो आकडा वर्षावर्षानं पुन्हा चढला. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळायची, ती याच साठी होती, की प्रतिकार न करणाऱ्या अळ्याही शिल्लक राहाव्यात आणि दोघांचा संकर होत राहावा. बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. उलट अमेरिकेत बीटी कापूस, वांझ केलेले पतंग सोडणं, कामगंध आणि वेळेवर पीक मोडणं हे सगळं एकदम, सगळ्यांनी मिळून केलं. २०१८ मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर झालं. तिथली शेतं मोठी, शेतकरी थोडे, सरकारचा पैसा मोठा. ते जसंच्या तसं इथं होणार नाही. पण अनेक अवस्थांवर एकाच वेळी घाव घालण्याचं तत्त्व तेच आहे.

तेव्हा थोडक्यात तीन गोष्टी. मोजताना ‘शंभर’ ऐकलं की विचारा, कोणते शंभर? उपाय करताना विचारा, हा कोणत्या खान्यावर पडतो आणि त्या खान्यावर स्थैर्य किती टेकलेलं आहे? आणि परिणाम दिसायला उशीर लागत असेल, तर दिसेपर्यंत थांबू नका. गाईच्या बाबतीत मोठी गाय सांभाळा. बोंडअळीच्या बाबतीत डिसेंबर सांभाळा.

 आता प्रश्न विचारा. कपाशीवाल्यांनी आधी विचारा, कारण आकडे आमचे सोयीचे होते, शेत तुमचं खरं आहे.